आधी रॉ रिक्वेस्ट बघ, मग डब्ल्यूएसडीएल उघड

ताई,
मी मूळची इचलकरंजीची. बीएस्सी कॉम्प्युटर करून नुकतीच पुण्यात नोकरीला लागले. मला एका सहकारी बँकेच्या प्रोजेक्टवर टाकलंय, वेब सर्व्हिसेसचं काम आहे. क्लासमध्ये आम्हाला रेस्ट आणि जेसन शिकवलं होतं, म्हणजे सर्व्हिस बांधायची आणि डेटा लिहायची नवी पद्धत. इथे मात्र सगळं सोप आणि एक्सएमएल, म्हणजे डेटा टॅगांमध्ये लिहून ठरलेल्या लिफाफ्यात पाठवायची जुनी पद्धत. टीम लीड म्हणाले, "डब्ल्यूएसडीएल वाच, सगळं त्यात आहे." ही सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल. ती उघडली तर शेकडो ओळी, कुठून वाचायचं तेच कळेना. सर्व्हिसला कॉल केला की ४१५ हा एरर येतो. इंग्रजी डॉक्युमेंट वाचताना दम लागतो, मी मराठी माध्यमाची. रूमवरच्या मैत्रिणी म्हणतात सोप संपलं, प्रोजेक्ट बदलून माग. मागू का? नाही मागितला तर शिकायला सुरुवात कुठून करू? घरी बाबांचा सुताचा व्यापार आहे. ते फोनवर विचारतात, "तू नेमकं करतेस काय?" तेही धड सांगता येत नाही.
— एक वाचक, पुणे

प्रिय मैत्रिणी,

प्रोजेक्ट बदलून मागू नकोस. का ते सांगतेच, पण आधी तो ४१५ मार्गी लावू, कारण तुझी निम्मी घालमेल त्याच्यापायी आहे.

४१५ हा एचटीटीपीचा, म्हणजे वेबवर मजकूर पाठवायच्या नियमांचा, स्टेटस कोड. ४ ने सुरू होणारा कोड आला की पाठवणाऱ्याकडे बघायचं, ५ ने सुरू होणारा आला की सर्व्हरकडे. ४१५ चं म्हणणं एवढंच की तू ज्या प्रकारचा मजकूर पाठवतेस तो प्रकार मी घेत नाही. बहुतेक वेळा सर्व्हरने तुझा एक्सएमएल उघडून पाहिलेलाही नसतो. मजकुराच्या वर त्याचा प्रकार सांगणारी ओळ जाते, तो कॉन्टेन्ट-टाइप हेडर बघूनच त्याने तुला परत पाठवलेलं असतं. सोपच्या कामात याचं नेहमीचं कारण म्हणजे आवृत्ती जुळत नाही. सोप १.१ चा मजकूर 'टेक्स्ट/एक्सएमएल' म्हणून जातो आणि १.२ चा 'ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल' म्हणून. बँकेकडची सर्व्हिस जुनी असेल तर ती १.१ ची असण्याची शक्यता जास्त, आणि तुझी लायब्ररी बहुधा १.२ पाठवतेय.

हे माझ्या शब्दावर मानू नकोस, डोळ्यांनी बघ. सोपयूआय या सोपचे कॉल तपासायच्या टूलमध्ये रिक्वेस्टच्या खिडकीला 'रॉ' नावाचा टॅब असतो. कॉल गेल्यावर तो उघडलास की तारेवरून नेमकं काय गेलं ते अक्षरन् अक्षर दिसतं. पहिल्या ओळीत पोस्ट ही एचटीटीपीची मेथड आणि पत्ता, खाली हेडर, मग एक मोकळी ओळ, मग एक्सएमएल. त्या हेडरांत कॉन्टेन्ट-टाइप शोध. मग एक्सएमएलच्या अगदी पहिल्या एलिमेंटवर, म्हणजे एन्व्हलप नावाच्या बाहेरच्या टॅगवर, लिहिलेला नेमस्पेस बघ. नेमस्पेस म्हणजे काय ते पुढे सांगते. त्यात एक्सएमएलसोप डॉट ऑर्ग असेल तर १.१, डब्ल्यू३ डॉट ऑर्ग आणि २००३/०५ असं असेल तर १.२. आता एक सावधगिरी. नुसता हेडर हाताने बदलून सुटका होत नाही. हेडर १.१ चा आणि आतला एन्व्हलप १.२ चा राहिला, तर ४१५ जाऊन 'व्हर्जन मिसमॅच' असा फॉल्ट, म्हणजे सोपने कळवलेली चूक, येईल. क्लायंटच्या सेटिंगमध्ये सोपची आवृत्तीच बदल, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम बदलतात.

आता बाबांना काय सांगायचं ते बघू. ते सोपं आहे, कारण ते स्वतः रोज वेब सर्व्हिस वापरत असणार. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला माल विकताना ई-इनव्हॉइस काढावं लागतं. बाबांच्या पेढीवरचा मुनीम अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल भरून बटण दाबतो. ते बिल ठरलेल्या साच्यात, जेसन रूपात, सरकारी पोर्टलकडे जातं. पोर्टल ते तपासतं आणि ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा ओळख क्रमांक, आणि सही केलेला क्यूआर कोड परत पाठवतं. मध्ये ब्राउझर नाही, कुणी माणूस वेबपेज उघडून बघत नाही. एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामला, इंटरनेटवरून, आधी ठरलेल्या नियमांनी विचारलं आणि उत्तर मिळालं. वेब सर्व्हिस म्हणजे एवढंच. बाबांना सांग, "तुमचं बिल जसं आपोआप पोर्टलला जातं ना, तसं बँकेचं काम मी करते."

पोर्टल बनवणाऱ्यांना बाबांची पेढी माहीत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी पोर्टलचा कोड पाहिलेला नाही. तरी बिल पोहोचतं, कारण कुठला रकाना कुठल्या नावाने, तारीख कोणत्या रूपात, चूक झाली तर काय परत येणार, हे सगळं लेखी ठरलेलं आहे. तुझ्या प्रोजेक्टवरचे ते सगळे भारदस्त शब्द या लेखी ठरावाचे एकेक थर आहेत. सगळ्यात खाली एचटीटीपी, त्यावर एक्सएमएल किंवा जेसन, त्यावर सोप असेल तर त्याचा एन्व्हलप, आणि या सगळ्याचं वर्णन करणारी डब्ल्यूएसडीएल. तुला सगळ्यात वरच्या थरापासून वाचायला सांगितलं म्हणून दम लागला. खालून वर ये.

एचटीटीपीचं तुला क्लासमुळे बरंचसं माहीत आहे, फक्त सोपमधली एक खोच लक्षात ठेव. सोप १.१ मध्ये फॉल्ट यायचा झाला तर तो ५०० या कोडसोबत येतो. नवीन माणूस ५०० बघतो, "त्यांचा सर्व्हर पडलाय" म्हणून बँकेला मेल टाकतो आणि मोकळा होतो. खरं तर त्या ५०० च्या पोटात फॉल्टकोड आणि फॉल्टस्ट्रिंग असतात आणि तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं की शाखा कोड चुकला आहे. म्हणून ५०० आला तरी बॉडी वाचल्याशिवाय कुणाला मेल करायचा नाही. उलटही होतं. काही सर्व्हिसेस २०० देतात आणि आत 'फेल' लिहितात. तुझ्या कोडला दोन्ही तपासता आलं पाहिजे.

एक्सएमएलमध्ये वेळ घाल, कारण तुझे पुढचे बरेच दिवस त्यात जाणार आहेत. एक्सएमएल १.० हे डब्ल्यू३सीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, फेब्रुवारी १९९८ मध्ये अधिकृत केलेलं मानक. टॅग उघडला की बंद करायचा वगैरे तुला येतं. माणसं अडतात ती नेमस्पेसवर. इचलकरंजीत बीम म्हटलं की मागावर चढवायचा सुताचा बीम, आणि बांधकामाच्या साइटवर बीम म्हटलं की स्लॅबखालचा. दोघांची कागदपत्रं एकत्र आली तर कुठला बीम ते लिहावं लागेल. नेमस्पेस तेच काम करतो. तो वेबच्या पत्त्यासारखा दिसतो, पण ब्राउझरमध्ये उघडून बघायची गरज नाही. ती फक्त वेगळी ओळख देणारी अक्षरं आहेत. आणि टॅगच्या आधी येणारं एन्एस१ किंवा टेम हे नुसतं टोपणनाव, ते काहीही असलं तरी चालतं. तुलना होते ती पूर्ण नेमस्पेसची, एका स्लॅशचाही फरक चालत नाही.

याच ठिकाणी होणारी एक चूक सांगून ठेवते, कारण ही तुला आज ना उद्या भेटणारच. तू खाते क्रमांक भरून पाठवतेस, रॉ टॅबमध्ये तो दिसतोय, आणि तिकडून उत्तर येतं, "खाते क्रमांक रिकामा आहे." वेड लागायची पाळी येते. अशा वेळी डब्ल्यूएसडीएलमधल्या स्कीमाच्या, म्हणजे कुठला एलिमेंट कसा हवा ते सांगणाऱ्या भागाच्या, पहिल्या ओळीत 'एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट' शोध. तिथे 'क्वालिफाइड' असेल तर आतले एलिमेंटही त्या नेमस्पेसमध्ये असायला हवेत. 'अनक्वालिफाइड' असेल, किंवा काहीच लिहिलेलं नसेल, तर आतले एलिमेंट सहसा नेमस्पेसशिवाय जायला हवेत. यात गफलत झाली तर तुझा खाते क्रमांक सर्व्हरच्या दृष्टीने कुणी भलताच एलिमेंट ठरतो, तो त्याकडे दुर्लक्ष करतो आणि त्याच्या हातात नल, म्हणजे रिकामी जागा, उरते.

आता ती डब्ल्यूएसडीएल. टीम लीड चूक बोलले नाहीत, सगळं त्यातच आहे, पण ती गोष्टीसारखी वरून खाली वाचायची नसते. शेवटाकडून वाच. तळाशी 'सर्व्हिस' आणि त्यात 'पोर्ट' असतो, तिथे पत्ता मिळतो. हा पत्ता आधी नीट बघ, कारण पुष्कळदा तिथे कुणाच्या तरी टेस्ट मशीनचा पत्ता तसाच राहिलेला असतो. पोर्ट ज्या 'बाइंडिंग'कडे बोट दाखवतो तिकडे जा. तिथे कळतं की मजकूर कसा जाणार. बाइंडिंगचा नेमस्पेस 'सोप'ने संपत असेल तर १.१ आणि 'सोप१२'ने संपत असेल तर १.२. तुझ्या ४१५ ची खातरजमा याच ओळीत होईल. सर्व्हिसच्या प्रत्येक कामाला ऑपरेशन म्हणतात. कुठलं ऑपरेशन हवं ते सांगणारा सोपॲक्शनही इथेच लिहिलेला असतो. तिथून 'पोर्टटाइप'वर जा, ती ऑपरेशनची यादी. तिथून 'मेसेज', आणि मग 'टाइप्स' म्हणजे स्कीमा. शेकडो ओळींतल्या बहुतेक या शेवटच्या भागातल्या असतात, आणि तुला लागतं फक्त तुझ्या ऑपरेशनचं तेवढं. एक ऑपरेशन घे, वही घे आणि या वाटेने एकदा हाताने चालून जा. मग सोपयूआयला ती फाइल दे. तो तुला नमुना रिक्वेस्ट बनवून देतो, ती तुझ्या वहीतल्याशी ताडून बघ. टूलने बनवलेलं आधी बघितलंस तर तुला फक्त रकाने भरता येतील. फाइल आधी वाचलीस तर टूल चुकलं तेही कळेल.

स्कीमात टाइप लिहिलेले असतात, त्यांचा मान राख. रकमेला डेसिमल म्हटलं असेल तर जावात बिगडेसिमलच वापर, डबल नको. पैशांच्या हिशोबात डबल घेतला की पैशापैशाचे फरक साचत जातात. जेसनमध्ये तर जास्त जपावं लागतं. तिथे आकड्याला एकच टाइप आहे, आणि जावास्क्रिप्टसारख्या ठिकाणी ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके राहतील याची खात्री नाही. शिवाय खाते क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असतं, ते आकडा म्हणून पाठवलंस की गळून पडतं. खाते क्रमांक, मोबाइल, पिनकोड हे नेहमी अक्षरं म्हणून पाठव. मग मानक कुठलंही असो.

यूडीडीआय हा शब्द कुठल्या तरी नोट्समध्ये भेटेल. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी २००० साली वेब सर्व्हिसेसची सार्वजनिक सूची काढली होती. ती २००६ मध्ये बंद झाली. त्यावर वेळ घालवू नकोस.

डब्ल्यूएस-सिक्युरिटी, म्हणजे सोपचा मेसेजच सुरक्षित करायची पद्धत, मात्र बँकेत टळणार नाही. ओॲसिस या संस्थेचं २००४ चं मानक. तुला वाटेल, एचटीटीपीएस आहे ना, मग हे कशाला? एचटीटीपीएस एका टोकापासून पुढच्या टोकापर्यंतची वाट सुरक्षित करतं. मेसेज मध्ये एखाद्या गेटवेवर उघडला गेला की ते संरक्षण तिथे संपतं आणि पुढची वाट नव्याने सुरू होते. मेसेजवर केलेली डिजिटल सही मेसेजबरोबरच राहते, आणि उद्या वाद झाला तर "हे तुम्हीच पाठवलं होतं" असं दाखवता येतं. पैशांच्या कामात याला फार किंमत आहे. यातही दोन गोष्टींवर लोकांचे दिवस जातात. एक, वेळ. टाइमस्टॅम्पच्या शेवटी झेड असेल तर ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. कुणी आपली घड्याळातली वेळ टाकून पुढे झेड लावला की मेसेज साडेपाच तास पुढच्या काळातला होतो आणि सर्व्हर तो नाकारतो. दुसरी गोष्ट म्हणजे सही झाल्यावर एक्सएमएल नीटनेटका करायला जाऊ नकोस. वाचायला बरं पडावं म्हणून टॅगांमध्ये नव्या ओळी घातल्यास की मजकूर बदलला आणि सही तुटली.

आता मैत्रिणींच्या बोलण्याकडे वळू. नव्या सर्व्हिसेस आज बहुतेक जेसनमध्ये होतात, हे त्यांचं खरं आहे. पण आपण रोज चहाचे पैसे ज्या यूपीआयने देतो, त्यात बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यातले मेसेज डिजिटल सही केलेल्या एक्सएमएलचे असतात. आधारच्या ऑथेंटिकेशनचंही तसंच. ते सोप नव्हे, एचटीटीपीएसवरून थेट एक्सएमएल जातो, पण नेमस्पेस, सही, वेळ, एन्कोडिंग हे सगळं तुला इथे शिकायला मिळतंय तेच. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या आतल्या जुन्या सर्व्हिसेस सोपवर चालू आहेत आणि त्या एका रात्रीत कुणी बदलणार नाही. त्या वाचता येणारी तरुण माणसं कमी आहेत. तुझ्यासाठी ही संधी आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि रेस्ट शिकलेल्या पुष्कळांना ते कुठून आलं हे ठाऊक नसतं. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात ती रचना मांडली. एचटीटीपी १.१ लिहिणाऱ्यांतलेच ते एक. रेस्ट हे सोपसारखं मानक नाही, ती रचनेची पद्धत आहे. त्यामुळे दोन टीम 'रेस्टफुल' म्हणतात आणि दोघींचं दोन तऱ्हेचं असतं. हा गोंधळ आवरायला शेवटी लेखी करार लागलाच. आधी स्वॅगर म्हणून ओळखला जाणारा ओपनएपीआय आज ते काम करतो. त्यात पत्ता, ऑपरेशन, टाइप, एररचं रूप हे सगळं लिहितात. डब्ल्यूएसडीएल वाचायला शिकलेल्या मुलीला ओपनएपीआयची फाइल एका बैठकीत कळते. उलटा प्रवास अवघड जातो, हे तू आत्ता अनुभवतेच आहेस.

एक गोष्ट मात्र सोपमध्ये, रेस्टमध्ये, कुठेच आयती मिळत नाही, आणि बँकेत तीच सर्वांत महत्त्वाची. समज, तू पैसे वळते करायचा कॉल केलास आणि टाइमआउट झाला. पैसे गेले की नाही? तुला माहीत नाही. रिक्वेस्ट पोहोचलीच नसेल, किंवा पोहोचून काम होऊन फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. इथे कोडने आपसूक पुन्हा कॉल केला तर एखाद्याच्या खात्यातून दोनदा पैसे जातील. एचटीटीपीत गेट, पुट, डिलीट या मेथडचे कॉल पुन्हा केले तरी परिणाम एकदाच व्हावा, असा नियम आहे. पोस्टला तो नाही, आणि तुझे सोपचे कॉल सगळे पोस्टने जातात. म्हणून प्रत्येक व्यवहाराला तुमच्या बाजूने एकमेव रेफरन्स नंबर हवा, पुन्हा पाठवताना तोच नंबर जायला हवा, आणि टाइमआउट झाला की आधी त्या नंबरचं स्टेटस विचारायचं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये स्टेटस विचारायचं ऑपरेशन आहे का, आणि तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर बँकेची सर्व्हिस काय करते, हे टीम लीडना विचार. नव्या मुलीने हा प्रश्न विचारला तर कुठलाही शहाणा लीड खूश होईल.

इंग्रजीचं म्हणशील तर मानकांची भाषा कादंबरीची नसते. शब्द थोडे, वाक्यं त्याच त्याच घडणीची. मोठ्या लिपीत लिहिलेले मस्ट, शुड आणि मे यांचा अर्थ आरएफसी २११९ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) १९९७ पासून बांधून दिलेला आहे: करावंच लागेल, सबळ कारण नसेल तर करावं, केलं तरी चालेल. वाचताना आधी फक्त मस्टची वाक्यं शोध, निम्मं काम होतं. एचटीटीपीसाठी आरएफसी ९११० घे, २०२२ चं. अख्खं नको, नववा भाग मेथडचा आणि पंधरावा स्टेटस कोडचा, एवढंच. सोपसाठी डब्ल्यू३सीचं १.२ चं प्रायमर, म्हणजे ओळख करून देणारी पुस्तिका, आहे, त्यात उदाहरणं देऊन समजावलंय. तुझी सर्व्हिस १.१ ची निघाली तरी एन्व्हलप, हेडर, बॉडी आणि फॉल्ट समजायला ते पुरतं. फॉल्टमधली नावं तेवढी वेगळी आहेत. रोज अर्धा तास, मोठ्याने वाच. मराठी माध्यमातल्या मुलांना ते बरं पडतं, हे मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलंय.

आणि रॉ रिक्वेस्ट-रिस्पॉन्स जपून ठेवायची सवय लाव. ऑपरेशनवार एक फोल्डर, त्यात एक चाललेला कॉल आणि एक फसलेला. पुढे काही अडलं की चाललेला आणि फसलेला शेजारी ठेवून ओळीओळीने ताडायचं, फरक सापडतोच. फक्त त्यात खऱ्या ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक किंवा पासवर्ड राहू देऊ नकोस. टेस्टचाच डेटा वापर, आणि हे फोल्डर ऑफिसच्या मशीनवरच ठेव, स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा व्हॉट्सॲपवर नको. ४१५ गेल्यावर पुढे एखादा फॉल्ट आला, तर त्याचा फॉल्टकोड आणि फॉल्टस्ट्रिंग तेवढं मला लिहून पाठव.

तुझी,
ताई